पणजोबा शोधायचे असतील तर आधी सर्व्हे नंबर शोधा

आजोबांचं नाव सगळ्यांना येतं, पणजोबांचं नाव एखादी आत्या सांगते, आणि खापरपणजोबा म्हटलं की घरातले सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. पण बहुतेक घरांच्या चार-पाच पिढ्यांची नावं कागदावर असतात, आणि तीही कुठे लांब लंडनला वगैरे नाही तर आपल्याच तालुक्याला, तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात फडक्यात बांधलेल्या गाठोड्यांत. सप्टेंबर 2023 मध्ये सरकारने कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली आणि तेव्हापासून ही गाठोडी जितकी सोडली गेलीत तितकी मधल्या काळात कधी सोडली गेली नसतील. पण गोष्ट फक्त जातीच्या दाखल्याची नाही, कोणाला वारसाहक्काचं भांडण मिटवायचंय, कोणाला कुलवृत्तांत लिहायचाय, कोणाला नुसतीच हौस, आणि माझ्या मते हौसवाल्यांचं काम सगळ्यात नीट होतं कारण त्यांना घाई नसते.

आता मुद्द्याचं. लोक कचेरीत जातात आणि म्हणतात आमचं आडनाव अमुक, आमच्या पूर्वजांच्या नोंदी दाखवा. क्लार्क हात वर करतो आणि आपण म्हणतो सरकारी कारभार. खरं तर त्या बिचाऱ्याकडे आडनावावरून शोधायची सोयच नसते. ही सगळी दप्तरं इंग्रज सरकारने का ठेवली? तुमचा खापरपणजोबा कोण हे जाणून घ्यायची त्यांना अजिबात गरज नव्हती, त्यांना फक्त एवढंच हवं होतं की या तुकड्याचा शेतसारा कोण भरणार आणि तो मेला तर कोण भरणार. म्हणून सगळी रचना आधी गाव, मग सर्व्हे नंबर, आणि मग त्या नंबरासमोर माणूस. तर आपणही त्याच दाराने आत जायचं, म्हणजे आधी जमीन शोधायची आणि माणसं तिच्या मागोमाग येतात.

सुरुवात घरबसल्या होते. महाभूलेख या सरकारच्या जमीन नोंदींच्या वेबसाइटवर आजचा सातबारा काढा, जमीन आता चुलत्यांकडे असेल तर त्यांचा, विकली असेल तर ज्याने घेतली त्याचा, लाजायचं काही कारण नाही, सातबारा कोणीही कोणाचाही बघू शकतो. गट नंबर माहीत नसेल तर आठ-अ बघा, त्यात त्या खातेदाराच्या त्या गावातल्या सगळ्या जमिनी एका जागी दिसतात. सातबाऱ्यावर नावांच्या आसपास काही आकडे असतात, ते बहुतेक लोक सोडून देतात आणि तेच खरं सोनं आहे, ते फेरफार नंबर. त्या जमिनीच्या मालकीत जो जो बदल झाला, कोणी मेलं, कोणी विकलं, भावांनी वाटण्या केल्या, त्या प्रत्येक बदलाची एक नोंद फेरफार रजिस्टरला म्हणजे गाव नमुना 6 ला होते आणि तिचा नंबर सातबाऱ्यावर चढतो. शेवटच्या फेरफारापासून मागे मागे जात राहायचं. एक फेरफार तुम्हाला मागच्या माणसाकडे नेतो, त्याचं नाव ज्या फेरफाराने लागलं तो आणखी मागे नेतो.

वारसाचा फेरफार हा या सगळ्यातला सगळ्यात गोड कागद. मजकूर साधारण असा असतो, समजा, की गणू बिन राघू हे अमुक तारखेस मयत, त्यांस वारस मुलगे तीन, थोरला सखाराम वय 30, मधला तुकाराम वय 24, धाकटा बाळा वय 9, पत्नी भागू हयात, सबब थोरल्या मुलाचे नाव ए.कु.मॅ. म्हणून दाखल. एका परिच्छेदात तीन पिढ्या! गणू, त्याचा बाप राघू, त्याची तीन मुलं, बायको, मृत्यूची तारीख, मुलांची वयं, सगळं. यातलं ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे जमीन सगळ्यांची पण नाव थोरल्याचं. हे कळलं नाही तर माणूस समजतो आपल्या आजोबांना जमीन मिळालीच नव्हती आणि मग घरात उगाच कुजबुज सुरू होते. तसंच अ.पा.क. दिसलं तर मूल अज्ञान म्हणजे वयात न आलेलं होतं, आणि पालक म्हणून आई, मामा किंवा चुलता लावलेला असतो. मामाचं नाव मिळालं की आजीचं माहेर सापडायला सुरुवात होते, हे लक्षात ठेवा.

फेरफार किती मागे जातात? हक्कनोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात 1903 सालचा, आणि 1913 मध्ये तो जमीन महसुलाच्या मूळ कायद्यात घातला गेला. म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातल्या गावात पहिले फेरफार साधारण विसाव्या शतकाच्या पहिल्या-दुसऱ्या दशकातले. त्यांत जो माणूस म्हातारा म्हणून मेला तो 1850-60 च्या आसपास जन्मलेला आणि त्याच्या नावापुढे बापाचं नाव, म्हणजे तुम्ही नुसत्या फेरफारांवर पार एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत पोचता. वाईट नाही.

पण मध्ये एक खड्डा आहे आणि त्यात खूप जण पडतात. 1947 च्या तुकडेबंदी-एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर बऱ्याच गावांत विखुरलेले तुकडे एकत्र करून नवे गट पाडले, आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. गावोगावी हे वेगवेगळ्या वर्षी झालं, काही गावांत झालंच नाही. त्यामुळे आजचा गट 214 घेऊन तुम्ही 1930 च्या रजिस्टरात 214 नंबर शोधलात तर भलत्याच माणसाचा खापरपणजोबा हाती लागतो, आणि लोक आनंदाने तो आपला म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. आधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन एकत्रीकरणाचा तक्ता आणि जबाब मागायचा, त्यात जुना सर्व्हे नंबर, हिस्सा आणि त्याचा झालेला नवा गट समोरासमोर लिहिलेले असतात. जबाबात तेव्हाच्या खातेदारांच्या सह्या किंवा अंगठेही सापडतात. पणजोबांचा अंगठा बघून मोठमोठी माणसं गप्प बसलेली मी पाहिलीत.

भूमी अभिलेखाचं ऑफिस हे तसंही दुर्लक्षित. तहसीलला गर्दी, इथे त्या मानाने कमी. ब्रिटिशांची शेतमोजणीची जी पद्धत पुढे सगळीकडे गेली ती 1835-36 ला इंदापूर तालुक्यात सुरू झाली, गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी ती बसवली. त्याच्या आधी प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची मोजणी झाली होती पण ती फसली, सारा इतका अवास्तव की लोक जमिनी सोडून गेले. तर या मोजणीत दर शेताला नंबर पडला, टिपण म्हणजे मोजमापाची नोंद झाली, आणि साधारण 30 वर्षांनी पुन्हा फेरमोजणी. त्या त्या वेळची शेतवार पत्रकं, प्रतिबुकं, क्लासर रजिस्टरं अजून काही ठिकाणी शिल्लक आहेत, आणि त्यांत नंबरासमोर कब्जेदाराचं नाव असतं. म्हणजे फेरफार सुरू व्हायच्या आधीचा माणूस इथे मिळतो. अर्थात मिळेलच असं नाही. वाळवी, पूर, कचेरीचं स्थलांतर, आणि काही ठिकाणी सरळ रद्दी.

आता नावं वाचायची कशी, कारण इथे भले भले हुकतात. जुन्या नोंदीत आडनाव असेलच असं धरून चालू नका. कागदात असतं खंडू बिन मल्हारी, किंवा खानदेश-मराठवाड्याकडे खंडू वलद मल्हारी, दोन्हीचा अर्थ मल्हारीचा मुलगा खंडू. गावात एकच खंडू मल्हारी असेल तर तलाठ्याने आडनाव लिहायची तसदी का घ्यावी? आणि आडनाव लिहिलंच तर कधी पाटील, कधी मूळ कुळाचं, कधी आधीच्या गावावरून पडलेलं, एकाच माणसाचं तीन कागदांत तीन तऱ्हा. म्हणून जोडी पकडायची. नाव अधिक बापाचं नाव अधिक गाव अधिक सर्व्हे नंबर, हे चारही जुळले तर तो आपला, नुसतं आडनाव जुळलं तर काहीच सिद्ध होत नाही. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपल्याकडे पद्धत असल्याने राघू गणू, गणू राघू, पुन्हा राघू गणू अशी साखळी लागते आणि दोन राघू एक करून टाकले की एक अख्खी पिढी गायब, तेव्हा साल बघितल्याशिवाय नाव जोडू नका.

सालाचीही मजा आहे. शके असेल तर 78 मिळवा, शके 1790 म्हणजे 1868. फसली असेल तर 590 मिळवा, 1345 फसली म्हणजे 1935-36, हे मराठवाड्यात सारखं भेटतं कारण निजामाच्या राज्यात हेच चालायचं. त्याहून जुन्या पेशवाईतल्या कागदात सुहूर सन असतो आणि तो आकड्यात नाही तर अरबी शब्दांत लिहितात, इहिदे सबैन मया व अलफ म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार, बेरीज 1171, त्यात 599 मिळवले की 1770, आणि वर्ष मृगापासून सुरू होत असल्याने ते 1770-71 धरायचं. पहिल्यांदा डोकं गरगरतं, मग सवय होते.

मोडीचं काय? घाबरू नका पण हलक्यातही घेऊ नका. एकोणिसाव्या शतकातले आणि विसाव्याच्या सुरुवातीचे बरेचसे गावकागद मोडीत आहेत, काही ठिकाणी तर स्वातंत्र्याच्या आसपासपर्यंत मोडी चालू होती. पुराभिलेख संचालनालयाचे मोडी प्रशिक्षण वर्ग होतात, ते केलेत तर उत्तम, आणि पेशव्यांच्या चिटणिसाची पत्रं वाचण्यापेक्षा तलाठ्याचं रजिस्टर वाचणं खूप सोपं असतं कारण तेच तेच शब्द येतात, मयत, वारस, कब्जेदार, आकार, सबब. माझा सल्ला असा की पैसे देऊन वाचून घ्या पण आपल्या घराण्याची आठ-दहा नावं मोडीत कशी दिसतात तेवढं तरी स्वतः शिका, म्हणजे पान उलटताना नजर आपोआप अडकते, आणि वाचणाऱ्याने घाईत एखाद्या धोंडूचा कोंडू केला तर तेही लक्षात येतं.

जमिनीनंतरचा मोठा साठा म्हणजे जन्म-मृत्यूचं रजिस्टर, गाव नमुना 14, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. आजचा जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा, त्याआधी गावपातळीवर या नोंदी व्हायच्या आणि जुनी पुस्तकं तहसीलला जमा आहेत. हे पुस्तक सातबाऱ्यापेक्षा वेगळं कारण यात भूमिहीनही येतो, बाई येते, लेकरू येतं. मृत्यूच्या नोंदीत नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, जात, वय, आणि कशाने गेला ते. ताप, पटकी, प्लेग. 1918 ची पानं उघडलीत तर एकाच महिन्यात ओळीच्या ओळी, ती मानमोडीची साथ, इन्फ्लुएंझा, आणि मग कळतं की आपल्या वंशावळीत चार भावांपैकी दोघांचे वंश तिथेच का संपले. जन्माच्या नोंदीत मात्र बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतंच, कारण नोंद बारशाच्या आधी झालेली. नुसतं अमक्यास मुलगा. चार मुलगे असतील तर कोणता कोण हे शाळेच्या रजिस्टराशी ताडून ठरवायचं.

शाळेचं जनरल रजिस्टर, जी.आर. म्हणतात ते, हे फार मोलाचं आणि त्यामानाने सोपं. नाव, जात, जन्मतारीख, जन्मगाव, कधी दाखल झाला, कधी आणि का सोडली. जुन्या लोकल बोर्डाच्या शाळा आता जिल्हा परिषदेकडे आहेत, त्यामुळे रजिस्टर गावच्या शाळेतच कपाटात असतं, मुख्याध्यापकांना अर्ज दिला की झालं. फक्त त्यातल्या जन्मतारखेवर जास्त जीव लावू नका. गुरुजींनी अंदाजाने 1 जून टाकलेल्यांची संख्या आपल्याकडे एवढी आहे की 1 जूनला अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस असतो.

इथे बायकांबद्दल थोडं, कारण या सगळ्या शोधात निम्मं घराणं हरवतं ते त्यांच्या बाजूचं. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या आधीच्या वारस फेरफारात मुलींची नावं बहुधा नसतात, विधवा असते, मुलगे असतात. 1956 नंतर मुली दिसायला लागतात, आणि मग हक्कसोडपत्रं दिसायला लागतात, बहिणींनी भावांसाठी सही केलेली. त्यामागचं राजकारण सगळ्यांना माहीत आहे, पण शोध घेणाऱ्याला हक्कसोडपत्र म्हणजे खजिना, कारण त्यात प्रत्येक बहिणीचं सासरचं नाव आणि राहणार कुठली ते गाव लिहिलेलं असतं. पणजीच्या बहिणींची घरं अशी सापडतात. आणि एक करून बघा, आईच्या आईच्या गावचा सातबारा काढा, तिथल्या फेरफारात तुमची आजी माहेरच्या नावाने बसलेली असू शकते. लोक वडिलांची बाजू पाच पिढ्या खणतात आणि आईच्या बाजूचं एक पान उघडत नाहीत.

आतापर्यंतचं सगळं मुख्यतः जुन्या मुंबई इलाख्यातल्या जिल्ह्यांसाठी. महाराष्ट्र 1960 चा, कागद त्याच्या आधीचे, म्हणून तुमचं गाव तेव्हा कोणाच्या राज्यात होतं हे आधी विचारायला हवं. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाकडे, तिथे जुने कागद उर्दूत, काही फारसीत, आणि शब्द वेगळे, पाहणी पत्रक, सेतवार, देवस्थान-इनामाचे मुंतखब म्हणजे मंजुरीचे कागद, आणि 1954-55 चं खासरा पत्रक हा तिथला बऱ्याच वेळा सगळ्यात पहिला नीट हाती लागणारा मराठी कागद. वरच्या पातळीवरचं बरंच दप्तर हैदराबादला राहिलं. नागपूरकडे मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा मालगुजाराने गोळा करून भरायचा, तिथे मिसल बंदोबस्त, वाजिब-उल-अर्ज, निस्तार पत्रक, आणि 1954-55 ची अधिकार अभिलेख पंजी मागायची. 1956 पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशात होता म्हणून कागदांवर हिंदी दिसली तर दचकू नका. कोकणात खोती, म्हणजे गावाचा सारा खोताने वसूल करायचा, ती 1949 च्या कायद्याने गेली, पण त्याआधी रत्नागिरी भागात खोती गावांची बोटखतं झालेली आहेत, त्यांत कोण कुठलं शेत कसतो ते आहे. कोल्हापूर, सांगली, औंध, फलटण, भोर, जत, सावंतवाडी ही संस्थानं, त्यांची दप्तरं वेगळी, कोल्हापूरचं तर तिथल्या पुराभिलेखागारातच. गोव्यात सातबारा नाही, फॉर्म एक-चौदा आहे, आणि जुन्या शोधासाठी चर्चची रजिस्टरं आणि कोमुनिदादच्या म्हणजे गावकारीच्या नोंदी, ज्यांत गावकाराचा हक्क बापाकडून मुलाकडे जातो म्हणून वंश आपोआप नोंदला गेलाय.

जिल्हा-तालुकेही बदलले. सिंधुदुर्ग 1981 पर्यंत रत्नागिरीत होता, रायगडचं नाव कुलाबा होतं, लातूर 1982 ला उस्मानाबादेतून निघाला, नंदुरबार 1998 ला धुळ्यातून, पालघर 2014 ला ठाण्यातून. नव्या तालुक्याच्या कचेरीत म्हणतात आमच्याकडे नाही, आणि खरंच नसतं, ते जुन्या तालुक्याच्या रेकॉर्ड रूमला पडून असतं. धरणात गाव गेलं असेल, कोयना म्हणा उजनी म्हणा, तर पुनर्वसनाच्या फायलीत मूळ गावचे खातेदार आणि त्यांना कुठे जमीन दिली ते मिळतं.

ज्यांच्याकडे जमीनच नव्हती त्यांचं काय, हा खरा प्रश्न आहे आणि वंशावळीचे बरेच हौशी तज्ज्ञ याच्यावर गप्प असतात. कुळ म्हणून कसत असतील तर कुळ नोंदवही बघा. 1948 चा कूळकायदा आणि त्यात 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन, म्हणजे कसणारं कूळ जमिनीचं मालक ठरलं तो दिवस, त्या सुमारास कलम 32-ग खाली जमिनीची किंमत ठरवायच्या चौकशा झाल्या, त्या फायलींत कुळाचा जबाब असतो, बाप किती वर्षं कसत होता वगैरे. महार वतनाची जमीन असेल तर वतन रजिस्टर अतिशय महत्त्वाचं, कारण वतन कुटुंबाचं असायचं आणि त्यातला वाटा वंशावरून ठरायचा, त्यामुळे सरकारला वंशावळ लिहून ठेवावीच लागली. 1958 च्या कायद्याने कनिष्ठ वतनं खालसा झाली आणि नजराणा भरून जमिनी परत दिल्या, त्या रिग्रँटच्या प्रकरणांत पुन्हा सगळ्या वाटेकऱ्यांची नावं येतात. काही घरांना असं वाटतं की आमचे कागद नसणारच, आणि प्रत्यक्षात त्यांचे कागद गावच्या कितीतरी बागायतदारांपेक्षा जास्त भरलेले निघतात. पाटील-कुलकर्णी-देशमुखांचंही तसंच, वतनाच्या दाव्यात वंशावळ जोडलेली असते, आणि इनाम असेल तर इनाम कमिशनच्या कैफियती, ज्यांत इनामदाराने मूळ इनाम कोणाला मिळालं तिथपासून आपल्यापर्यंतची पिढी सांगितलेली. हे सगळं पुण्याच्या पुराभिलेखागारात, ज्याला लोक पेशवे दप्तर म्हणतात, तिथे हजारो रुमालांत बांधलेलं आहे. अर्थात हक्क सांगायला आलेला माणूस सोयीचीच वंशावळ सांगणार, हे वाचताना डोक्यात ठेवायचं.

भटक्या-विमुक्तांच्या बाबतीत गोष्ट कडवट आहे. 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा, तो 1952 ला गेला, आणि तोवर या घरांची हजेरी, वस्ती, हालचाल हे सगळं पोलिसांच्या आणि सेटलमेंटच्या, म्हणजे त्यांना जिथे डांबून ठेवायचे त्या वसाहतींच्या, वह्यांत. पूर्वज ज्या वहीने छळले तीच वही आता नातवाला पुरावा म्हणून लागते. पोलीस पाटलाची जुनी पुस्तकं, गुन्ह्याची रजिस्टरं, कारागृहाची कच्च्या कैद्यांची रजिस्टरं, हे सगळं आता जात पडताळणीच्या कामात अधिकृतपणे बघितलं जातं.

सरकारी कागदाच्या बाहेरचे दोन साठे सांगतो. एक तीर्थोपाध्यांच्या वह्या. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, आणि पुढे काशी, गया. तुमच्या घरातला कोणीही श्राद्धाला, अस्थी घेऊन, किंवा नुसता यात्रेला गेला असेल तर तिथल्या तुमच्या गावच्या उपाध्यायांच्या वहीत त्याने आपल्या हाताने नाव, बाप, आजा, भाऊ, मुलं लिहिलेली असतात. इथेही शोध गावावरून, आणि गाव म्हणजे मूळ गाव, आज राहता ते पुणे-ठाणे नाही. दुसरा साठा दक्षिण महाराष्ट्रात, कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडे, हेळवी. बैल घेऊन गावोगाव फिरणारे, घरासमोर येऊन त्या घराण्याच्या पिढ्या सांगणारे, पूर्वी पाठ आणि आता वहीत. आमच्याकडची शहरी मंडळी त्यांना भिक्षेकरी समजून पाच रुपये देऊन पाठवतात! बसवून घ्या, चहा द्या, फोनवर रेकॉर्ड करा. अर्थात हेळव्याच्या पहिल्या काही पिढ्या कागदाशी जुळवून बघायच्या, त्या जुळल्या तर मागच्यांवर जरा विश्वास टाकता येतो, अगदी टोकाला गेलं की प्रत्येकाचं मूळ कुठल्यातरी पराक्रमी राजाशी जातं, ते ऐकून सोडून द्यायचं.

परदेशातल्या मराठी माणसांपैकी मॉरिशसवाल्यांचं नशीब या बाबतीत चांगलं. 1834 नंतर गिरमिटीया म्हणजे करारावरचे म्हणून जे मजूर तिकडे गेले त्यांत कोकणातले बरेच, आणि त्यांच्या नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत, इमिग्रंट नंबर, बापाचं नाव, वय, गाव, पुढच्या काळातल्यांचे तर फोटोसुद्धा. अडचण एवढीच की गावाचं नाव फ्रेंच-इंग्रजी कानाने ऐकून लिहिलेलं. ते मोठ्याने वाचून बघायचं आणि त्या वेळच्या तालुक्याच्या गावांच्या यादीत काय जुळतं ते शोधायचं, एकदा गाव पक्कं झालं की मग पुढचा रस्ता वरचाच.

गॅझेटियर वाचावं का? जेम्स कॅम्पबेलने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काढलेले मुंबई इलाख्याचे जिल्हावार खंड सरकारने ऑनलाइन ठेवलेत, जरूर वाचा, दुष्काळ कधी पडला, रेल्वे कधी आली, गावच्या बाजारात काय विकायचं ते कळतं. पण त्यात तुमचा पणजोबा शोधू नका, साध्या शेतकऱ्याचं नाव तिथे नसतं. अशाच काही गावांच्या वेशीवर संगमरवरी पाटी असते, पहिल्या महायुद्धाला या गावातून इतके लोक गेले आणि इतके परत आले नाहीत, आकडा आहे, नावं नाहीत.

आता प्रत्यक्ष काम. आधी आपले अभिलेख या सरकारी पोर्टलवर तुमचा जिल्हा आहे का बघा, असेल तर स्कॅन केलेले जुने फेरफार, जुने सातबारे घरूनच मिळतात, हस्तलिखित सातबारा साधारण दर दहा वर्षांनी नव्याने लिहिला जायचा त्यामुळे एकाच जमिनीचे अनेक सातबारे असतात, सगळे काढा. ऑनलाइन नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प. अर्जात आमच्या घराण्याच्या सर्व नोंदी असं लिहिलंत तर तो अर्ज तसाच पडून राहणार. मौजे, तालुका, सर्व्हे नंबर, फेरफार नंबर, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, असं नेमकं लिहा. उत्तरच येत नसेल तर माहिती अधिकारात तोच अर्ज टाका, 30 दिवसांची मुदत आहे, आणि कागद उपलब्ध नाही असं म्हणाले तर तेही लेखी घ्या. जुनी खरेदीखतं हवी असतील तर दुय्यम निबंधकाकडे, तिथे पक्षकारांच्या नावाची सूची असते, म्हणजे हे एक ठिकाण असं की जिथे नावावरून शोधता येतं. गावठाणातल्या घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना 8.

दाखल्यासाठी शोधत असाल तर तारीख डोक्यात ठेवूनच शोधा. अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, जमातींना 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. नुसती जातीची नोंद सापडून भागत नाही, ती नोंद असलेला माणूस तुमच्यापर्यंत जोडावा लागतो, आणि हे जोडकाम वारस फेरफारानेच होतं, म्हणून दोन्ही कागद बरोबर काढा. आणि कोणी सांगितलं की पैसे द्या, रजिस्टरात नोंद करून देतो, तर उठून चालू लागा. जात पडताळणी समितीचं दक्षता पथक मूळ रजिस्टर मागवून शाई, अक्षर, ओळींमधली जागा बघतं, आणि खाडाखोड निघाली तर त्या एका नोंदीपायी बाकीच्या खऱ्या नोंदींवरही संशय येतो.

प्रत्येक नकलेच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवा, तेव्हाचं गाव, तालुका, जिल्हा, कुठल्या कचेरीतून, कुठलं रजिस्टर, पान नंबर, कधी काढली. आणि वंशावळ काढताना ज्या नावाला कागद आहे ते निळ्या पेनाने, जे आत्याने किंवा हेळव्याने सांगितलं ते दुसऱ्या रंगाने. पुढे चुलतभाऊ विचारतोच की हा म्हादू आपला कशावरून, तेव्हा निदान कुठल्या म्हादूसाठी भांडायचं आणि कुठल्यासाठी नाही ते कळतं.